खोक्यावर लिहिलंय: नाईट व्हिजन ३० मीटर

वाघ्याला नेलं त्या रात्रीची क्लिप अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, रात्रीचे २ वाजून १७ मिनिटं, लांबी १२ सेकंद. पहिले चार-पाच सेकंद सगळं पांढरं. मग त्या पांढऱ्यात वरपासून खालपर्यंत एक दोरखंड हलतो. तो कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा. नवव्या सेकंदाला उजव्या कोपऱ्यातून एक शेपटी जाते. संपलं. कुत्रा गेला, कॅमेऱ्याने शेपटी दाखवली आणि ॲपने खाली लिहिलं, 'हालचाल आढळली'.

त्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 'नाईट व्हिजन ३० मीटर' छापलं होतं. कॅमेऱ्याच्या खांबापासून वाघ्याची बसायची जागा ९ मीटर.

मी राहतो नारायणगावच्या पूर्वेला, मीना नदीच्या काठाला. अडीच एकर ऊस, एकरभर टोमॅटो, दोन जर्सी, एक म्हैस. जुन्नर तालुक्यात बिबट्या दिसणं ही आता बातमी राहिलेली नाही. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगा अशी धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात हा राहायला आला. पिल्लंही तिथंच होतात. तोडणीची टोळी फडात शिरली की सापडतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे. आमच्याकडे त्याला बिबट्या कोणी म्हणत नाही, वाघच म्हणतात. त्यामुळे वाघ्याला वाघाने नेलं असं सांगावं लागतं. ऐकणारा आधी हसतो, मग गप्प होतो.

त्यात शेतीपंपाची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बारा-एकला उठून उसात दारं धरायला, म्हणजे सरीसरीला पाणी सोडायला, जावं लागतं. बॅटरी एका हातात, काठी दुसऱ्या हातात, आणि मोबाईलवर मोठ्याने भजन. एवढीच आमची सुरक्षा व्यवस्था होती.

वाघ्या गेल्यानंतरच्या आठ महिन्यांत वस्तीवर तीन यंत्रं फिरली: आधीपासूनचा इन्फ्रारेडवाला सोलर कॅमेरा, रात्री रंगीत दाखवणारा कॅमेरा, आणि हातात धरायची थर्मल, म्हणजे ऊब बघणारी, दुर्बीण. तिन्हींबद्दल लिहितो. कंपन्यांची नावं देत नाही. शेतीकडे पूर्ण वळण्याआधी अकरा वर्षं मी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलंय, तोच माल स्टिकर बदलून कसा फिरतो ते माहीत आहे. आज नाव सांगितलं तरी पुढच्या वर्षी त्याच नावाच्या खोक्यात दुसराच सेन्सर निघेल.

पहिला, ६,२०० रुपयांचा. वर सोलर पॅनेल, आत सिमकार्ड, वायरिंगची कटकट नाही. दिवसा चित्र झकास. रात्री काय होतं ते समजून घ्यायचं असेल तर संध्याकाळी त्याच्या खाली उभं राहा. अंधारलं की आतून 'टक्' असा बारीक आवाज येतो. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा उजेड दिसतो, पण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या सेन्सरला त्याच्या पुढचा, म्हणजे इन्फ्रारेड, जवळपास ११०० पर्यंतचा दिसतो. दिवसा हे जादा दिसणं रंग नासवतं, म्हणून सेन्सरपुढे त्याला अडवणारी एक काचेची चकती असते. रात्री ती बाजूला सरकते, तो हा आवाज. मग कॅमेऱ्याच्या तोंडाभोवतीचे छोटे एलईडी ८५० नॅनोमीटरचा उजेड सोडतात, जो आपल्याला दिसत नाही. अगदी जवळून बघितलं तर विझत्या विडीच्या टोकासारखा लालसर ठिपका तेवढा दिसतो.

म्हणजे हा कॅमेरा अंधारात बघत नाही. तो आपल्यापासून लपवून बॅटरी मारतो आणि त्या बॅटरीच्या उजेडात बघतो. एवढं डोक्यात बसलं की त्याचे सगळे दोष आपोआप कळतात. माळशेजच्या धुक्यात गाडीचा दिवा अप्परला टाकला की काय होतं? समोर पांढरी भिंत. नोव्हेंबरात नदीकाठी पहाटेपर्यंत धुकं असतं, आणि याचे दिवे भिंगाच्या अगदी कडेला. जवळच्या धुक्यावर, पाखरांवर, जाळ्याच्या धाग्यावर उजेड आपटून सरळ भिंगात परत येतो आणि मागचं सगळं बुडतं. कोळ्याचा धागा दोरखंड होतो तो असा.

डिसेंबरात एका कोरड्या रात्री टेप घेऊन मोजमाप केलं. धाकट्या भावाला पाच-पाच मीटरवर उभं केलं आणि मी मोबाईलवर बघत बसलो. १० मीटरवर चेहरा ओळखू येतो. १५ वर चेहरा जातो, पण आपला माणूस असेल तर उभं राहण्यावरून कळतो. २० च्या पुढे माणसाच्या आकाराचं काहीतरी आहे, एवढंच. ३० मीटरवर भाऊ नाहीसा झाला. त्याने हातातली स्टीलची ताटली हलवली तेव्हा एक चमक दिसली. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की अंगावर पडणारा उजेड चौथाई होतो, मग दुसरं काय होणार. डोळे मात्र लांबून दिसतात. गाईच्या, कुत्र्याच्या, बिबट्याच्या डोळ्यांत मागे आरशासारखा एक पडदा असतो, तो आलेला उजेड तसाच परत फेकतो. आमची जर्सी ३५ मीटरवर बांधावर चरत होती, तर पडद्यावर जर्सी नव्हतीच, नुसते दोन दिवे फिरत होते. खोक्यावरचे ३० मीटर बहुतेक असेच कुणाच्या तरी डोळ्यांवरून मोजले असावेत.

त्याच रात्री आई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "हा पांढऱ्या सदऱ्यातला कोण रे?" भावाने काळा टी-शर्ट घातला होता. काही काळे रंग आपल्याला काळे दिसतात, पण इन्फ्रारेड उजेड परत फेकतात, म्हणून पडद्यावर पांढरे येतात. उसाचं पान तर इतकं पांढरं येतं की मधल्या वाटेवर बर्फ पडल्यासारखं वाटतं. म्हणून सांगतो, या कॅमेऱ्यातल्या चोराच्या कपड्यांचं वर्णन पोलिसांना देऊ नका. गाडीची नंबरप्लेटही अशीच, उजेड परत फेकून कोरी पांढरी पाटी होते.

यापेक्षा मोठा दोष वेगळाच निघाला. बॅटरीवरचा कॅमेरा झोपलेला असतो. त्याला उठवतं ते पीआयआर, म्हणजे पुढची दुधी प्लॅस्टिकची वाटी. समोर उबदार काही सरकलं तर ती जाणते. तिची पोच आठ-दहा मीटर. शिवाय जाणल्यावर कॅमेरा जागा होऊन रेकॉर्डिंगला लागेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, तेवढ्यात चार पायांचा प्राणी निघून गेलेला असतो. आणि एप्रिलमध्ये संध्याकाळी आठलासुद्धा जमीन जनावराच्या अंगाइतकी तापलेली असली की तिला फरकच कळत नाही. गोठ्यापुढून बैलगाडी गेली तरी हा झोपून होता. शेपटीचं कोडं सुटलं ते इथं.

उपाय १,४०० रुपयांत निघाला, आणि या सगळ्या लिखाणातलं सर्वात उपयोगी वाक्य बहुधा हेच असेल: इन्फ्रारेड दिवा वेगळा घ्या आणि कॅमेऱ्यापासून लांब लावा. मी १२ व्होल्टचा ८५० नॅनोमीटरचा दिवा गोठ्याच्या दुसऱ्या खांबावर, कॅमेऱ्यापासून तीन मीटर बाजूला लावला. कॅमेऱ्याचे स्वतःचे एलईडी ॲपमधून बंद होईनात, म्हणून त्यांवर काळी टेप मारली. त्याच धुक्यात चित्र उघडलं. उजेड बाजूने पडल्याने सावल्या आल्या, सावल्यांमुळे आकार आले. कोळी आता दिव्यावर जाळं विणतो. विणू दे. आधी चुकून ९४० चा दिवा आणला होता. तो डोळ्याला अजिबात दिसत नाही, लाल ठिपकाही नाही, पण तिथवर सिलिकॉनचीही नजर मंदावलेली असते. पल्ला निम्म्यावर आला. चोरासाठी लपून बसायचं असेल तर ९४०, नाहीतर ८५०.

दुसरा कॅमेरा रंगीत. तो घ्यायचं कारण वाघ नव्हे, माणूस. विहिरीवरच्या मोटारीची केबल जानेवारीत कापून नेली. तांब्याचा भाव बघता आमच्या भागात हे नवं नाही. तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न, गाडी कुठल्या रंगाची? माझ्याकडे उत्तर होतं, पांढरी. सगळ्याच पांढऱ्या.

दुकानदार म्हणाला, "दादा, आठ मेगापिक्सेलचा घ्या, दोनचा जमाना गेला." मी त्याला सेन्सरचा आकार विचारला. दोन्हींचा १/२.८ इंच. आता एवढ्याशा वावरात दोनऐवजी आठ दशलक्ष वाफे पाडले तर प्रत्येक वाफा केवढा राहील? दोनवाल्यात एक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), आठवाल्यात १.४५ चा. म्हणजे क्षेत्रफळ चौथाई, आणि पडणारा उजेडही चौथाई. उजेड पावसाच्या थेंबांसारखा तुटक पडतो. रिमझिमीत अंगणात दोन पराती ठेवा, दोघींत सारखंच पाणी साचेल. दोन वाट्या ठेवा, एकीत चार थेंब, दुसरीत नऊ. शेजारच्या पिक्सेलांतली ही तफावत म्हणजे पडद्यावर वळवळणारी वाळू. जुन्या टीव्हीवर चॅनल नसताना मुंग्या यायच्या, तसंच दिसतं. दिवसा आठवाला नक्की सरस. रात्री मला दोनवाला पटला. त्यात सोनीचा स्टारविस जातीचा सेन्सर होता, ज्यात वायरिंग मागे आणि उजेड घ्यायचा भाग पुढे असतो. भिंग एफ १.०. बाजारात साधारण मिळतं ते एफ २.०, त्याच्यापेक्षा हे चौपट उजेड आत घेतं. दाम ४,८००.

कागदावर याची क्षमता लिहिलीये ०.००१ लक्स. लक्स म्हणजे उजेडाचं माप, त्याचा अंदाज असा: भर उन्हात लाखभर, घरातल्या खोलीत रात्री पन्नासेक, स्वच्छ पौर्णिमेला फार तर ०.३, आणि चंद्र नसताना नुसत्या चांदण्यांत एक हजारांशाच्या आसपास. म्हणजे कंपनीच्या म्हणण्यानुसार अमावस्येलाही रंग दिसायला हवेत.

पौष पौर्णिमेला दिवा बंद ठेवून बघितलं आणि खरं सांगतो, मी थक्क झालो. मला नुसत्या डोळ्याने सगळं राखाडी दिसत होतं आणि पडद्यावर जर्सीचा तांबूस रंग, निळी ताडपत्री, आईचं हिरवं लुगडं. ताडपत्री कितीतरी वेळ बघत बसलो. मग म्हैस उठली आणि तिच्यामागे धुरकट शेपूट ओढल्यासारखी दुसरी म्हैस उठली. अंधारात चित्र उजळायला कॅमेऱ्याने शटर जास्त वेळ उघडं ठेवलेलं असतं. थांबलेलं सगळं सुंदर, हललेलं सगळं भूत. मोबाईलचा नाईट मोडही असंच करतो, एकावर एक फोटो रचतो. म्हणून देवळाचा फोटो छान येतो आणि पोराचा येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन शटर १/२५ सेकंदाला बांधून टाकलं. भूत गेलं, पण उजेडही गेला. पुढच्या अमावस्येला ताडपत्री कुठली, गोठाच सापडेना. मुगाची डाळ सांडल्यासारखं चित्र. ०.००१ हा आकडा खोटा नाही. फक्त तो शटर किती वेळ उघडं ठेवून काढला ते कागदावर नसतं.

अंधार फार झाला की हा कॅमेरा स्वतःचा पांढरा दिवा लावतो. तेव्हा रंग पक्के येतात. पण दिव्यावर पाकोळ्या, पाकोळ्यांमागे पाली, पालींच्या हालचालीने रात्रभर मोबाईल वाजतो. गाई उजेडात नीट बसत नाहीत असं आईचं म्हणणं, आणि दुधाच्या बाबतीत आईचं म्हणणं शेवटचं. आता तो गोठ्यावरून काढून विहिरीवर लावलाय, तिथं तो आपलं काम चोख करतो. दिवा लागलेला बघूनच माणूस परत फिरत असेल, तर तेही कामच.

आता थर्मल. याची किंमत ५२,००० रुपये, एकट्याच्या खिशाबाहेरची. आम्ही वस्तीवरच्या चार घरांनी वर्गणी काढली. नियम साधा: ज्याच्या पाळीला पाणी, त्याच्या गळ्यात दुर्बीण. शेजारच्या आबांनी आधी नाकं मुरडली, "बावन्न हजारांत दोन शेळ्या आणि एक पिंजरा येईल." पहिल्या रात्री तेच सोडायला तयार नव्हते.

हिला उजेड लागतच नाही, स्वतःचा नाही, चांदण्याचाही नाही. कोणतीही वस्तू आपल्या उबेनुसार लहरी सोडत असते. माणसाच्या किंवा जनावराच्या अंगातून निघतात त्यांचा जोर साधारण साडेनऊ मायक्रॉनला, म्हणजे त्या इन्फ्रारेड दिव्याच्या दहापटींहून लांब. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात, लालच्या पलीकडे जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला, तेव्हापासून हे माहीत आहे. आमच्या पंचक्रोशीला तसंही न दिसणाऱ्या लहरींचं नवल नाही. खोडदला त्याहून कितीतरी लांब रेडिओ लहरी ऐकायला ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत.

आतला सेन्सर सिलिकॉनच्या कॅमेऱ्यासारखा नसतो. जुन्या रंगीत टीव्हीत डिगॉसिंग कॉइलला (पडद्यावरचे रंगाचे डाग घालवणारी तारेची गुंडाळी) एक थर्मिस्टर असायचा, तापला की त्याचा रेझिस्टन्स बदलायचा. तो लहान करत करत १२ मायक्रॉनवर आणा आणि २५६ बाय १९२ अशा ओळींत एकोणपन्नास हजार मांडा, की झाला थर्मल सेन्सर. ०.०४ अंशाचा फरक त्याला कळतो असं कागदावर आहे. भिंग काचेचं चालत नाही, या लहरी काचेतून जातच नाहीत; जर्मेनियम लागतं, म्हणून ही किंमत. घरात बसून खिडकीच्या काचेतून बाहेर बघायला गेलो तर काचेत माझंच भुतासारखं तोंड दिसलं. उलट काळ्या कचऱ्याच्या पिशवीत हात घातला तर पिशवी गायब आणि बोटं साफ.

पहिल्या रात्रीची मजा वेगळीच. आई खाटेवरून उठली तरी खाटेवर आई बसलेलीच, मिनिटभर हळूहळू विरत. फरशीवर अनवाणी पावलं. म्हशीचे कान काळे, नाकपुड्या पांढऱ्या, ताजं शेण तर दिवाच. मार्चात शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या. दोनशे मेंढ्यांची नुसती तोंडं आणि पाय चमकत होते, धडं लोकरीत विझलेली. मोटारीच्या पेटीकडे सहज वळवली तर तीन किटकॅट फ्यूजांपैकी मधला लालभडक. सकाळी बघितलं, स्क्रू ढिला. मोटार जळाली असती तर वर्गणीतल्या माझ्या वाट्याएवढा खर्च रिवाइंडिंगलाच गेला असता.

आणि वाघ. फेब्रुवारीतली थंडी, रात्रीचे पावणेदहा, पाळी माझी. दारं धरायला उतरण्याआधी बांधावरून एकदा फिरवून बघायची सवय लागली होती. पाण्याची सरी गार काळी रेघ, ऊस करडा, आणि वाटेच्या वळणावर एक पांढरा ठिपका, जमिनीपासून हातभर वर. पुढून बघितलेलं तोंड होतं. अंग जवळजवळ दिसतच नव्हतं, कातड्यावरचे केस ऊब आत धरतात. पोटाखालची बाजू तेवढी उजळ आणि शेपटी टोकाकडे विझत गेलेली. अंतर नंतर मोजलं, ५८ मीटर. बॅटरी मारली असती तर फार तर डोळे दिसले असते, तेही त्याने माझ्याकडे बघितलं असतं तरच. तो बसून होता. मी उलट्या पावली घरी. त्या रात्री उसाला पाणी बसलं नाही.

मग उसात शिरला आणि पुसल्यासारखा गेला. हे नीट लक्षात घ्या: थर्मल पानांच्या आरपार बघत नाही. दुकानात आणि जाहिरातीत लोक तसं बोलतात. दाट उसात चार सऱ्या आत बसलेला प्राणी हिलाही दिसत नाही, फटीतून एखादा ठिपका लुकलुकला तर नशीब. त्यामुळे 'दुर्बिणीत काही नाही' याचा अर्थ 'उसात काही नाही' असा कुणी काढू नये. आमच्यातल्या एकाने काढला होता, त्याच्यावर आबा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खोक्यावरचा आकडा इथंही आहेच: 'माणूस ५०० मीटरवरून'. गणित करून बघितलं. १० मिलिमीटरचं भिंग, १२ मायक्रॉनचा पिक्सेल, म्हणजे १०० मीटरवर एक चौकोन १२ सेंटिमीटरचा. बिबट्या आडवा उभा असेल तर तिथं लांबीत दहा चौकोन, उंचीत पाच. ओळखू येतो. २०० मीटरवर पाच बाय अडीच. काहीतरी चार पायांचं आहे. ५०० मीटरवर एक चौकोन ६० सेंटिमीटरचा, उभा माणूस म्हणजे तीनसुद्धा भरत नाहीत. ठिपका दिसतो हे खरं. तो माणूस आहे हे कंपनीला माहीत होतं. आमच्या कामाचा पल्ला मी १२० मीटर धरतो.

ऋतूनुसार तिचा स्वभावही बदलतो. थंडीत पहाटे चारला चित्र काचेसारखं स्वच्छ. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेले बांधावरचे दगड रात्री अकरापर्यंत चमकत राहतात, प्रत्येक दगड वाघ. त्या दिवसांत मध्यरात्रीनंतरच विश्वास ठेवायचा. संध्याकाळी आणि सकाळी अशी एक वेळ येते की जनावर, माती, झुडूप सगळ्यांचं तापमान जवळजवळ सारखं होतं आणि चित्र सपाट होतं. नेमकी दिवेलागणीची ती वेळ, जेव्हा तो बाहेर पडतो. जूनमध्ये पाऊस लागला आणि सगळं ओलं गार एकसारखं झालं. जनावर तरीही दिसतं, पण भोवतालचं शेत दिसत नाही, त्यामुळे ते कुठं उभं आहे हे कळत नाही. धुक्यात इन्फ्रारेड कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी बरी, पण दाट पावसात हिचाही पल्ला निम्मा.

बारीक कुरकुरी: दर दोन-तीन मिनिटांनी आतून 'टिक' होतं आणि चित्र क्षणभर गोठतं, ती स्वतःला सारखी करून घेत असते, वाघ समोर असताना हा क्षण लांब वाटतो. बॅटरी थंडीत चार तास. ॲप भिकार. आतल्या पडद्याचा उजेड पूर्ण कमी करून ठेवा आणि एकाच डोळ्याने बघा, नाहीतर दुर्बीण खाली घेतल्यावर तो डोळा अंधाराला सरावायला वीस मिनिटं घेतो आणि तेवढा वेळ आपण आंधळे. विक्रेत्याने वॉरंटीसाठी तीनदा फोन उचलला नाही, चौथ्यांदा उचलून दुसऱ्याचा नंबर दिला.

घ्यायचं काय? गोठ्यासाठी साधा वायरवाला इन्फ्रारेड कॅमेरा आणि वेगळा दिवा, बॅटरीवरचा नको. विहिरीसाठी रंगीत. आणि रात्री स्वतःच्या पायाने शेतात उतरत असाल तर चार घरं मिळून थर्मल, त्याला दुसरं काही नाही. पण ती बाहेर पडायचं की नाही हे ठरवायला. हातात आली म्हणून वाघ बघायला जाऊ नका. दिसला की मागे फिरा आणि वनखात्याला कळवा.

सध्या दुर्बीण माझ्याकडे नाही. गेल्या आठवड्यात आई गोठ्यात ती डोळ्याला लावून उभी होती, म्हणाली, "म्हशीच्या कासेचा हा एक भाग जास्त उजळ का दिसतोय?" हाताला काही जाणवत नव्हतं, दूधही नीट होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलावलं, दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, सुरुवात निघाली. तेव्हापासून बाकीच्या तीन घरांतल्या बायका सकाळच्या धारेआधी दुर्बीण मागायला येतात, आणि पाण्याच्या पाळीचा आमचा नियम मोडलाय.